निरवानिरव: एका मृत्युपत्राच्या आणि न्यासाच्या प्रकल्प नोंदी

५ जानेवारी २०२६

काम: ७२ आणि ६७ वर्षांच्या पती-पत्नींची निरवानिरव. अपत्यं तीन. मुलगा ४१, विवाहित मुलगी ३८, धाकटी मुलगी ३१. धाकटी स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे, पैशाचे व्यवहार तिला करता येत नाहीत. घर मुंबईत, शेत सातारा जिल्ह्यात. वडील निवृत्त सरकारी कर्मचारी. कुटुंब हिंदू, त्यामुळे वारसा हिंदू उत्तराधिकार अधिनियम १९५६ प्रमाणे आणि मृत्युपत्र भारतीय उत्तराधिकार अधिनियम १९२५ प्रमाणे.

मागणी आली ती नेहमीचीच: एक साधं मृत्युपत्र करून द्या. मसुदा सगळ्यात शेवटी होईल. आधी मालकी नक्की नेमकी कशाची आहे ते पाहायचं, मग धाकटीसाठी पैसा कोणाच्या हाती राहणार ते ठरवायचं.

काहीच केलं नाही तर काय होईल, हे पहिल्याच दिवशी कागदावर मांडलं. वडील गेले तर पहिल्या वर्गातले वारस चार: पत्नी, मुलगा, दोन मुली (वडिलांची आई हयात नाही). प्रत्येकी १/४. पुढे आई गेली की तिचं सगळं तिघा अपत्यांत सारखं. म्हणजे धाकटीच्या नावावर घराचा हिस्सा चढणार आणि त्या हिश्श्यासाठी सही करायला अधिकृत कोणीच नसणार. घर विकता येणार नाही, ठेवी मोडता येणार नाहीत. दोन्ही भावंडं कितीही सज्जन असली तरी कागद अडतो. प्रकल्पाचं खरं दुखणं हेच. बाकी वाटप त्यामानाने सोपं आहे.

७ जानेवारी

मिळकतीची यादी. रकाने सहा: वस्तू, कागद कोणता, कागदावरचं नाव जसंच्या तसं, धारणेचा प्रकार, नॉमिनी, अंदाजे रक्कम.

- बँक ठेवी व बचत खाती: ३ बँका, ६४ लाख
- म्युच्युअल फंड: ३८ लाख
- डीमॅटमधले शेअर: २१ लाख
- पीपीएफ, दोघांचे मिळून: १७ लाख
- लॉकरमधलं सोनं: २४० ग्रॅम
- फ्लॅट, शेतजमीन, एक जुनी विमा पॉलिसी

आर्थिक मिळकत १ कोटी ४० लाख. कर्ज नाही. (कर्ज असतं तर त्याचा रकाना सगळ्यात वर घेतला असता. वारसांना मिळकत मिळते ती देणी भागवून, आणि त्यांची जबाबदारी मिळालेल्या मिळकतीपुरतीच असते.)

तिसऱ्या रकान्याने लगेच काम दाखवलं. सातबाऱ्यावर वडिलांचं घरगुती नाव, पॅनवर पूर्ण नाव, शेअरवर आडनावाचं स्पेलिंग वेगळं. मृत्युपत्रात "उर्फ" लावून तिन्ही नावं घ्यायची. हयातीत हे एका प्रतिज्ञापत्रावर भागतं. नंतर प्रत्येक कार्यालय वेगळा पुरावा मागत बसतं.

१२ जानेवारी

सातबारा, आठ-अ आणि जुने फेरफार. क्षेत्र १ हेक्टर १२ आर, भोगवटादार वर्ग १. वर्ग २ निघाला असता तर हस्तांतराच्या अटी आधी तपासाव्या लागल्या असत्या.

वडिलांचं म्हणणं, जमीन माझ्या नावावर आहे, ती मी मुलाला देणार. नाव आहे हे खरं. पण नाव कसं आलं ते सातबारा सांगत नाही, फेरफार सांगतो. तहसीलच्या अभिलेख कक्षातून मागचे फेरफार काढले. जमीन आजोबांची, आजोबा वारले १९५६ चा कायदा येण्याआधी. वडील एकुलते एक, त्यांच्याकडे ती जुन्या मिताक्षरा नियमाने (हिंदू एकत्र कुटुंबाचा पारंपरिक कायदा) आली. त्यामुळे ती वडिलोपार्जित आणि मुलांचा तिच्यात जन्मतः हिस्सा. ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने मुलींचाही. वडील त्या तारखेला हयात असायला हवे होते की नाही, यावरचा घोळ ११ ऑगस्ट २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने मिटला: अट नाही.

आजोबा १९५६ नंतर वारले असते तर चित्र उलटं असतं. तेव्हा त्या कायद्याच्या कलम ८ प्रमाणे आलेली जमीन वडिलांची स्वतःची ठरली असती आणि मुलांना जन्मतः काही नसतं. एकाच गावात शेजारशेजारच्या गटांचा हिशेब वेगळा निघतो तो एवढ्याचसाठी.

हिशेब: मृत्यूच्या क्षणाआधी वाटप झालं असं मानायचं. वडील, आई, तीन अपत्यं, म्हणजे पाच हिस्से. वडिलांना मृत्युपत्राने देता येतो तो १/५. कलम ३० ही मुभा देतं, पण १/५ पुरतीच. "संपूर्ण जमीन मुलाला" असं लिहिलं असतं तर ४/५ भागापुरतं ते वाक्य पोकळ ठरलं असतं आणि दावा त्याच वाक्यावरून उभा राहिला असता.

नोंद घेऊन ठेवायची: फेरफार ही महसुली नोंद आहे, मालकी ठरवणारा दस्त नाही. मृत्युपत्रावरून फेरफार झाला म्हणून मृत्युपत्र सिद्ध झालं असं होत नाही.

१६ जानेवारी

फ्लॅट. करारनामा दोघांच्या नावे, हिस्सा लिहिलेला नाही, म्हणून निम्मा-निम्मा धरला. भाग-दाखल्यावर (सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट) पहिलं नाव वडिलांचं. "पहिलं नाव म्हणजे मालक" हा समज सोसायट्यांत घट्ट रुजलेला आहे. प्रत्यक्षात वडिलांना स्वतःच्या अर्ध्यापुरतंच लिहिता येतं. त्यामुळे मृत्युपत्रं दोन लागतील, एकत्र एक नाही. संयुक्त मृत्युपत्र दिसायला आटोपशीर असतं. पण एकजण गेल्यावर दुसऱ्याला ते बदलता येतं की नाही, हाच वाद होऊन बसतो.

आता मुख्य पेच. वडिलांना हवं होतं: माझ्या पश्चात पत्नीने हयातभर उपभोग घ्यावा, नंतर घर धाकटीसाठी. मराठी मृत्युपत्रांत हे वाक्य जागोजागी सापडतं आणि त्याइतकं धोक्याचं दुसरं वाक्य शोधून सापडणार नाही. हिंदू उत्तराधिकार अधिनियमाचं कलम १४ आडवं येतं. पोटकलम (१) प्रमाणे स्त्रीला मिळालेली मिळकत तिच्या पूर्ण मालकीची होते. पोटकलम (२) प्रमाणे मृत्युपत्रात मर्यादा घातली असेल तर ती टिकते. पण पत्नीला पोटगीचा हक्क आधीपासूनच असतो, आणि त्या हक्कापोटी दिलेली मिळकत पहिल्या पोटकलमात जाते, हे १९७७ पासून सर्वोच्च न्यायालयाने धरलेलं आहे. एकच वाक्य कोणत्या पोटकलमात बसतं यावर पिढ्यान्‌पिढ्या खटले चालतात.

निर्णय: हयातभराचा हक्क नाही. वडिलांचा अर्धा हिस्सा आईला "संपूर्ण मालकी हक्काने". आईच्या मृत्युपत्रात संपूर्ण फ्लॅट न्यासाकडे (ट्रस्ट, म्हणजे धाकटीसाठी मिळकत सांभाळणारे विश्वस्त). आई आधी गेली तर आरसा उलटा: तिचा अर्धा वडिलांना, आणि वडिलांच्या मृत्युपत्रातली पर्यायी तरतूद लागू. आई नंतर विचार बदलू शकते, ही यातली जोखीम. ती दोघांना समजावून सांगितली आणि त्यांनी मान्य केली.

२० जानेवारी

नॉमिनी. नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. संस्थेने रक्कम कोणाच्या हाती द्यावी, एवढंच नॉमिनेशन सांगतं. शेअर आणि डीमॅटबाबतही हेच, डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्का मारला. गृहनिर्माण सोसायटीत नॉमिनीला तात्पुरतं सदस्य करून घेतात. कायम सदस्यत्व मृत्युपत्र, वारस दाखला किंवा कुटुंबातला करार यांवरून ठरतं.

विम्याचं थोडं वेगळं. २०१५ च्या दुरुस्तीनंतर आई-वडील, जोडीदार, अपत्य नॉमिनी असतील तर त्यांना लाभार्थी मानलं आहे. पण न्यायालयांचे निकाल एका सुरात नाहीत. म्हणून साधा उपाय: पॉलिसीवरचं नाव आणि मृत्युपत्रातलं नाव एकच ठेवायचं.

यादीत सापडलेलं: विमा पॉलिसीवर नॉमिनी वडिलांची आई, जी आता नाही. एका ठेवीवर नॉमिनी कोणीच नाही. दोन फंडांत नॉमिनी धाकटी. हे शेवटचं प्रेमाने केलेलं, पण घातक. रक्कम थेट तिच्या नावे येईल आणि खातं चालवायला कोणी नसेल. खाजगी कौटुंबिक न्यासाला फंडात किंवा डीमॅटमध्ये नॉमिनी करता येत नाही. तेव्हा: नॉमिनी आई, ती नसेल तेव्हा नाव बदलून थोरली मुलगी, आणि मृत्युपत्रात स्पष्ट कलम की नॉमिनीला मिळालेली रक्कम तिने न्यासाकडे सोपवायची आहे.

१ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चारपर्यंत नॉमिनी देता येतात, एकाच वेळी टक्केवारीने किंवा एकामागून एक. लॉकरला मात्र फक्त एकामागून एक. टक्केवारी दिली तर बेरीज १०० यायलाच हवी. आपल्याला क्रमवारीच हवी आहे, टक्केवारी नको. फंड आणि डीमॅटला दहापर्यंत चालतात, पण दहा नावं भरण्यात शहाणपण नाही.

एकूण ९ अर्ज. प्रत्येकाची पोच घ्यायची. पोच नाही तर नॉमिनेशन नाही असंच धरायचं.

२८ जानेवारी

धाकटीचं पालकत्व. अपत्य अठराचं झालं की आई-वडिलांचं नैसर्गिक पालकत्व संपतं, मग ते अपत्य कसंही असो. गेली तेरा वर्षं कायद्याच्या दृष्टीने तिला पालकच नाही आणि हे घरात कोणाला ठाऊक नव्हतं. बहुतेक घरांत नसतंच.

स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यासाठी राष्ट्रीय न्यास अधिनियम १९९९ आहे. अर्ज जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे. आता अर्ज आईच्या नावे करायचा. आईनंतर थोरली मुलगी, पण ती नियुक्ती मृत्युपत्रातल्या ओळीने आपोआप होत नाही. समितीकडे नव्याने अर्ज करावाच लागेल. मृत्युपत्रात फक्त इच्छा नोंदवायची. पालकाने नियुक्तीनंतर सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि दरवर्षी हिशेब द्यायचा असतो, हे थोरलीला आत्ताच सांगितलं.

शिवाय कुटुंब निवृत्तिवेतन. सरकारी निवृत्तिवेतनधारकाच्या अपंग अपत्याला ते अटींच्या अधीन आजीवन मिळू शकतं. तिचं नाव निवृत्तिवेतनाच्या कागदांत वडील असतानाच चढवून घ्यायचं. नंतर धावपळ फार होते.

तत्त्व म्हणून ठरवलं: देखभाल एका हाती, पैसा दुसऱ्या हाती. पालक थोरली, विश्वस्त मंडळात ती असली तरी ती एकटी नसेल.

२ फेब्रुवारी

न्यासाला किती लागेल. आजच्या भावाने देखभाल महिना ४०,००० म्हणजे वर्षाला ४.८ लाख. धाकटीच्या वयाची ७६ पर्यंत सोय धरली, म्हणजे ४५ वर्षं. कर वजा जाता परतावा आणि महागाई सारखी मानली तर गुणाकार सरळ: ४.८ × ४५ = २१६ लाख. हातात १४० लाख, ते २९ वर्षं पुरतात. तूट ७६ लाख.

परतावा महागाईपेक्षा दोन टक्के जास्त धरला की तूट जवळजवळ नाहीशी होते. तो आकडा मुद्दाम वापरला नाही. चार दशकं सातत्याने दोन टक्के जास्त मिळवण्याची जबाबदारी विश्वस्तांवर टाकणं म्हणजे त्यांना जोखीम घ्यायला ढकलणं. तूट फ्लॅटने भरायची: आधी भाडं, वेळ पडल्यास विक्री. विक्रीचा अधिकार न्यासलेखात स्पष्ट लिहायचा.

या गणिताचा परिणाम वाटपावर झाला. ठेवी, फंड, शेअर, पीपीएफ सगळं आधी हयात जोडीदाराला, त्याच्यानंतर न्यासाकडे. मुलाला आणि थोरलीला वडिलांचा शेतातला १/५ सारखा वाटून, शिवाय त्यांचे स्वतःचे जन्मतः हिस्से आहेतच. सोनं थोरलीला १२० ग्रॅम, मुलाला १२० ग्रॅम. वाटप असमान आहे, तेव्हा कारण मृत्युपत्रात लिहावंच लागेल.

६ फेब्रुवारी

न्यासलेख. भारतीय न्यास अधिनियम १८८२. खाजगी न्यास आहे, धर्मादाय आयुक्तांकडे जायचं नाही. ते सार्वजनिक न्यासांसाठी.

न्यास आत्ता करायचा की मृत्युपत्रातून उभा करायचा, यावर बराच वेळ गेला. मृत्युपत्रातला न्यास मृत्यूनंतरच जन्मतो. तोवर पॅन नाही, खातं नाही, विश्वस्तांना सवय नाही. आत्ता केला तर हे सगळं आई-वडिलांच्या देखत सुरू होतं. पण फ्लॅट आत्ता न्यासात घातला तर दस्त नोंदवावा लागतो आणि मुद्रांक शुल्क पडतं. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क नाही. म्हणून मधला मार्ग: न्यास आत्ता, त्यात फक्त १ लाख रोख. बाकीची मिळकत मृत्युपत्राने "त्या वेळी पदावर असलेल्या विश्वस्तांकडे".

कलमं, जिथे विचार करावा लागला तेवढीच:

लाभार्थी एकच, धाकटी, हयातभर. हिस्सा निश्चित असल्याने उत्पन्नावर कर तिच्या दराने बसतो. वाटप विश्वस्तांच्या मर्जीवर ठेवलं असतं तर सर्वसाधारणपणे सर्वोच्च दर लागला असता. न्यास रद्द करण्याचा अधिकार राखलेला नाही, राखला असता तर उत्पन्न वडिलांचंच धरलं गेलं असतं.

विश्वस्त तीन: थोरली, एक नात्याबाहेरची लेखा जाणणारी व्यक्ती, आणि भावंडांचा मावसभाऊ. कायद्याचा मूळ नियम असा की सगळ्या विश्वस्तांनी मिळून वागायचं. लेखात वेगळं लिहिलं नाही तर एकजण परदेशी गेला की काम ठप्प. म्हणून बहुमताने निर्णय, बँकेत कोणत्याही दोघांच्या सह्या. विश्वस्त सत्तरीला निवृत्त. जागा रिकामी झाल्यास ६० दिवसांत उरलेल्यांनी भरायची.

शिल्लक कोणाला? धाकटीनंतर जे उरेल ते मुलाच्या आणि थोरलीच्या अपत्यांना, अशी सूचना आली. इथे हितसंबंध आडवे येतात. विश्वस्ताच्या मुलांना शिल्लक मिळणार असेल तर आज कमी खर्च करण्याचा मोह सहज होतो, मनात वाईट नसतानाही. उपाय दोन: वर्षाचा किमान खर्च लेखात बांधून दिला (४.८ लाख, महागाईप्रमाणे वाढता), आणि शिल्लकीतला एक तृतीयांश ज्या संस्थेत ती राहील त्या संस्थेला. ही दुसरी अट मुलाला रुचली नाही. वडिलांनी ती ठेवली.

विश्वस्तांनी न्यासाच्या पैशातून स्वतःसाठी काही घ्यायचं नाही, आपलं काम तिसऱ्यावर सोपवायचं नाही, हे कायदाच सांगतो. तरीही लिहिलं. विश्वस्त अधिनियम वाचत नाहीत, लेख वाचतात.

११ फेब्रुवारी

वडिलांच्या मृत्युपत्राचा पहिला मसुदा. घरातूनच एक नमुना आला होता, त्यात दुरुस्त्या:

"माझ्या मुलांना समान": काढलं. "मुलांना" म्हणजे मुलगे की सगळी अपत्यं? बोलताना कळतं, कोर्टात कळत नाही. आता "मुलगा व विवाहित मुलगी, या दोघांस प्रत्येकी निम्मा".

"अमुक बँकेतील ठेव क्रमांक तमुक": काढलं. ठेव मुदतीनंतर नव्या क्रमांकाने होते. मृत्यूच्या वेळी ती नेमकी वस्तू अस्तित्वात नसली तर ते दान विरून जातं. आता "माझ्या नावावरील सर्व बँक ठेवी व खाती, ती कोणत्याही बँकेत असोत". फ्लॅट आणि जमीन मात्र पूर्ण वर्णनासह: गट क्रमांक, चतुःसीमा, भाग-दाखल्याचा क्रमांक.

शेषाचं कलम नमुन्यात नव्हतंच. जोडलं: "वर नमूद न केलेली वा यापुढे मला प्राप्त होणारी, माझे मृत्यूसमयी माझे मालकीची जी काही स्थावर व जंगम मिळकत शिल्लक असेल ती सर्व…" हे नसेल तर राहून गेलेल्या वस्तूंपुरतं मृत्युपत्रच नाही असं होतं, आणि धाकटीच्या सहीचा पेच मागच्या दाराने परत येतो.

घेणारा आधी वारला तर? अपत्याला दिलेलं दान त्याच्या हयात वंशजांकडे जातं, भारतीय उत्तराधिकार अधिनियमाचं कलम १०९. भाचा-पुतण्याला दिलेलं तसं जात नाही. कायद्यावर न सोडता पर्यायी नाव लिहिलं.

दोघं एकाच अपघातात गेले तर कायदा धाकट्या वयाची व्यक्ती नंतर गेली असं मानतो. इथे आई. म्हणजे वडिलांची मिळकत क्षणभर आईकडे जाऊन मग पुढे, कागदपत्रं दुप्पट. म्हणून अट: जोडीदार ३० दिवस हयात राहिला तरच दान लागू, नाहीतर थेट न्यास.

एक्झिक्युटर (मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारी व्यक्ती): थोरली, पर्यायी मावसभाऊ. पासवर्ड मृत्युपत्रात नाहीत. नोंदणी झाली तर दस्त मृत्यूनंतर कोणालाही नक्कल मिळण्याजोगा असतो.

१३ फेब्रुवारी

दुसरा मसुदा. एक विसंगती सापडली: कलम ७ मध्ये सोनं निम्मं-निम्मं, कलम १२ मध्ये "सर्व दागिने थोरलीस". मृत्युपत्रात दोन कलमं जुळत नसतील तर शेवटचं टिकतं. खरेदीखतासारख्या दस्तांत याच्या उलट, आधीचं. कलम १२ पहिल्या मसुद्यातून तसंच राहून गेलेलं. काढलं.

असमान वाटपाचं कारण चार ओळींत, वडिलांच्याच शब्दांत. शोभेची वाक्यं नकोत. "मी हे स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय" हे प्रत्येक मृत्युपत्रात असतं, बनावट मृत्युपत्रांतही असतं. धाकटीला किती लागतं याचा हिशेब त्याहून जास्त बोलतो.

१७ फेब्रुवारी

प्रोबेटचा प्रश्न. मुंबईतल्या मिळकतीला प्रोबेट (मृत्युपत्र खरं असल्याचा न्यायालयाचा दाखला) सक्तीचं, हे आजवर सगळ्यांना पाठ होतं. डिसेंबर २०२५ च्या निरसन व सुधारणा कायद्याने भारतीय उत्तराधिकार अधिनियमाचं कलम २१३ वगळलं. सक्ती गेली. प्रोबेट मागण्याची सोय मात्र आहे, आणि वाद दिसत असेल तर ते घ्यावंच, कारण प्रोबेट मिळालं की मृत्युपत्राच्या खरेपणावर पुन्हा प्रश्न उठवणं फार अवघड. एक्झिक्युटरसाठीच्या टिपणात लिहिलं: कार्यालयाने जुन्या सवयीने प्रोबेट मागितलं तर लेखी मागणी घ्या.

वारसाहक्क प्रमाणपत्र वेगळं. ते येणी आणि रोखे यांच्यासाठी, घर-जमिनीसाठी नाही.

२४ फेब्रुवारी

सह्या. त्याच अधिनियमाच्या कलम ६३ ची अट छोटी आहे: करणाऱ्याने सही करायची, किमान दोन साक्षीदारांनी ती करताना पाहायची किंवा त्याच्या तोंडून "ही माझी सही" ऐकायचं, आणि प्रत्येकाने करणाऱ्याच्या समोर सही करायची. दोन्ही साक्षीदार एकाच वेळी हजर हवेत असं नाही. तरी एकाच वेळी बसवले. पुढे साक्ष देताना दोघांच्या सांगण्यात फरक पडत नाही.

साक्षीदारांत आधी जावयाचं नाव होतं, बदललं. साक्षीदाराला किंवा त्याच्या जोडीदाराला दिलेलं दान रद्द ठरवणारं कलम ६७ हिंदूंच्या मृत्युपत्राला लागत नाही. पण लाभार्थीचा नवरा साक्षीदार असला की उलटतपासणीत पहिला प्रश्न तोच येतो. आता दोघेही नात्याबाहेरचे, वय ४५ आणि ४९, पत्ते कायमचे. साक्षीदार करणाऱ्याहून पुरेसे तरुण हवेत. नोंदणीकृत असलं तरी मृत्युपत्र सिद्ध करायला, हयात आणि हजर होऊ शकणारा असेल तर किमान एक साक्षीदार बोलवावाच लागतो.

क्रम असा ठेवला: डॉक्टर आधी, २० मिनिटं, फक्त वडिलांसोबत. प्रमाणपत्रावर तारीख आणि वेळ, "प्रकृती ठीक" एवढंच नको. तारीख, अपत्यं, मिळकत, कोणाला काय, ही उत्तरं नीट दिली असं त्यात लिहिलं. लाभार्थी खोलीत कोणीच नाही. मग वडिलांनी मृत्युपत्र मोठ्याने वाचलं. सहा पानं, प्रत्येक पानावर सही, "पान ६ पैकी ३" असा क्रमांक, मोकळ्या जागांवर रेघ.

सह्यांआधी वाचतानाच पान ४ वर भाग-दाखल्याच्या क्रमांकात एक अंक चुकलेला निघाला. पेनाने दुरुस्त करून चालवायचा मोह आवरला. सहीनंतरची दुरुस्ती करणाऱ्याने आणि साक्षीदारांनी पुन्हा तशीच सही केल्याशिवाय फुकट जाते. सही व्हायची होती, म्हणून पान नव्याने छापलं आणि वाचन पुन्हा पहिल्यापासून. एक तास गेला.

आईचं मृत्युपत्र दुपारी, वेगळा कागद, तेच साक्षीदार. जुनी सगळी मृत्युपत्रं रद्द केल्याची ओळ दोन्हींत आहे.

२६ फेब्रुवारी

दुय्यम निबंधक कार्यालयात दोन्ही मृत्युपत्रांची नोंदणी. नोंदणी ऐच्छिक आहे आणि इतर दस्तांसारखी चार महिन्यांची मुदतही नाही. केली ती अशासाठी की मूळ कागद हरवला तरी नक्कल राहते आणि फोटो-अंगठ्यामुळे ओळखीचा वाद उरत नाही. नोंदणीने मृत्युपत्र खरं ठरत नाही. आणि नंतरचं बिननोंदणीचं मृत्युपत्र आधीच्या नोंदणीकृताला रद्द करू शकतं. हे दोघांना पुन्हा सांगितलं, कारण "नोंदवलं म्हणजे पक्कं" असं मानून लोक पुढे साध्या कागदावर बदल करून ठेवतात.

९ मार्च

मूळ प्रत कुठे ठेवायची? लॉकर सुचवलं गेलं, नको म्हटलं. लॉकर उघडायला मृत्युपत्र हवं आणि मृत्युपत्र लॉकरमध्ये, असं होतं. घरातल्या कपाटात, बंद पाकिटात. जागा थोरलीला आणि मावसभावाला माहीत. पाकिटासोबत एका पानावर यादी: काय कुठे आहे, कोणाला फोन करायचा. मुखत्यारपत्र मृत्यूबरोबर संपतं, त्यावर मृत्यूनंतर एटीएमसुद्धा चालवायचं नाही, हे त्याच पानावर ठळक.

स्थिती: नॉमिनेशनच्या ९ पैकी ७ पोचा आल्या. विमा पॉलिसीचा अर्ज सहीत फरक म्हणून परत आला आहे, नव्या सहीचा नमुना बँकेकडून प्रमाणित करून पाठवायचा. न्यासाचं पॅन आलं, बँक खातं उघडलं, १ लाख जमा. स्थानिक स्तर समितीकडचा अर्ज दाखल, सुनावणीची तारीख यायची आहे.

पुन्हा उघडण्याचे प्रसंग फाइलच्या पहिल्या पानावर: कोणाचा मृत्यू, विश्वस्त बदलणं, फ्लॅटची विक्री किंवा पुनर्विकास, थोरलीचं स्थलांतर. पुनर्विकास झाला तर फ्लॅटचा क्रमांक आणि क्षेत्र बदलेल, आणि मृत्युपत्रातलं फ्लॅटचं वर्णन पुरवणी मृत्युपत्राने त्याच महिन्यात दुरुस्त करावं लागेल. सोसायटीत त्याची बोलणी सुरू झाल्याचं आईने आज निघताना सांगितलं.